बळीचे ‘होय’ आणि आमचे ‘होय’

मायबाप श्रोतेहो, आणि हे छापील पान हाती धरलेल्या वाचकहो,

कृष्णामाईच्या उत्सवात आज वामनाचे आख्यान लावले आहे. आख्यान जुनेच. पण पूर्वरंगाला जे निमित्त घेतो आहे ते माझ्या खिशात आहे. हा फोन.

आमच्या गुरुजींच्या मागे तंबोरा धरायला एक मुलगा बसायचा. आता असा मुलगा मिळत नाही, सगळे पुण्याला. म्हणून मी फोनमध्ये तंबोरा घेतला. फुकट मिळाला. एका गावी मंगलाचरणाला उभा राहिलो, काळी दोनचा सूर लागला, डोळे मिटले, आणि तंबोऱ्यातून एक बाई बोलली, ‘तुम्हाला ताबडतोब कर्ज हवे आहे का?’ मंडप हसला, पेटीवाला हसला, मीही हसलो. फुकट म्हणजे काय हे तेव्हाच कळायला हवे होते. आम्ही पडलो बुवा. दुसऱ्याला कळावे म्हणून बोलतो, स्वतःला कळायचे राहून जाते.

आता नर्मदेच्या उत्तर तीरावर चला. भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच. भागवताच्या आठव्या स्कंधात आहे ही कथा. बळीचा यज्ञ चालला आहे. एक बटू येतो. हातात छत्री, कमंडलू, मूर्ती एवढीशी. बळी म्हणतो, माग. गाव माग, हत्ती माग. बटू म्हणतो, माझ्या पावलांनी तीन पावले जमीन. एवढेच! मागणे लहान दिसले की माणूस विचार करीत नाही. पण शुक्राचार्यांनी ओळखले. ते म्हणाले, राजा, हा बटू नव्हे, हा विष्णू आहे, दोन पावलांत सगळे व्यापील आणि तिसऱ्याला तुझ्याजवळ जागा उरणार नाही. नाही म्हण. आम्ही कीर्तनकार पुढे रंगवून सांगतो की शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसले, पाणी अडले, आणि वामनाने दर्भाची काडी घातली तेव्हा त्यांचा डोळा गेला. त्यावरून काम अडवणाऱ्याला ‘झारीतला शुक्राचार्य’ म्हणायची आपल्याकडे रीतच पडली.

बळीने उदक सोडले. पण कसे सोडले? समोर कोण आहे हे कळल्यावर. काय जाणार हे ऐकून. गुरूचा शाप पत्करून. म्हणून ते दान.

आणि आमचे उदक? बोटाने. फोन विचारतो, ‘परवानगी द्यायची?’ आम्ही म्हणतो, होय. पुन्हा विचारतो, होय. चष्मा वर कपाळावर आणि बोट खाली ‘होय’वर! अहो, बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपला तुम्ही कुठे आहात हे कशाला हवे? २०१३ साली अमेरिकेत अशाच एका बॅटरीच्या ॲपवर तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली. ते लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना देत होते. कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. दिवा लावायला गेले आणि आपणच उजेडात आले.

हे सगळे मी ऐकून सांगतो आहे असे समजू नका. मागच्या वर्षी मला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. आम्हाला पत्रिका फार येतात, त्यामुळे कोणाची हे न पाहताच उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. म्हणजे पत्रिकेचा वेष घेतलेले ॲप. बटूचा वेषच म्हणा, फक्त आत विष्णू नव्हता, चोर होता. त्याने फोनमधली नावे मागितली, होय. संदेश वाचू का म्हणाला, होय. रात्री माझ्या नावाने माझ्या सगळ्या यजमानांना निरोप गेला, ‘बुवा अडचणीत आहेत, पैसे पाठवा.’

बहुतेकांनी मला फोन करून विचारले. धोमकडच्या एका आजींनी विचारले नाही. हळदीचे आलेले आठ हजार नातवाकडून तेवढ्याच घाईने पाठवून दिले. आम्हाला कळले दोन दिवसांनी. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर आहे, तो लगेच फिरवला तर पैसे वाटेत अडवण्याची आशा असते. दोन दिवसांनी काय अडणार?

मी त्यांच्या घरी गेलो. पैसे पुढे ठेवले. त्या म्हणाल्या, ‘बुवा, तुमचं नाव होतं, मग विचारायचं कशाला?’

माझे पैसे गेले असते तर मी एवढा खचलो नसतो. बळीने स्वतःचे राज्य दिले, शेवटी स्वतःचे मस्तक दिले. मी काय दिले? आजींचे नाव, आजींचा नंबर. ते माझे नव्हतेच. माझ्याकडे ठेव होती ती. पूर्वी यजमानांची नावे माझ्या वहीत असायची. ती वही कोणी वाण्याने मागितली असती, ‘दोन दिवस द्या, तुम्हाला तंबोरा फुकट वाजवून दाखवतो’, तर मी दिली असती का हो? हाकलून दिला असता. फोनने मागितली, मी दिली.

इथून जवळच मेणवली. नाना फडणविसांचा वाडा. पेशवाईतली जुनी पत्रे कधी पाहिलीत तर मजकूर संपतो तिथे खाली लहानशी मुद्रा दिसते. मोर्तब. ‘लेखनसीमा’. मागाहून कोणी ओळ घुसवू नये म्हणून. नाना दुसऱ्यांच्या बातम्या काढण्यात तरबेज, म्हणून मोर्तबाची किंमत त्यांना ठाऊक. आमच्या फोनच्या करारांना मोर्तबच नाही. होय म्हणून झाल्यावर सहा महिन्यांनी निरोप येतो, ‘आमच्या अटी बदलल्या आहेत.’

कोणी म्हणेल, आता आमचे वय झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या निमित्ताने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ साली कायदाही झाला. त्यात संमती समजून दिलेली हवी, मागणारा काय नेतो हे मराठीतून वाचता आले पाहिजे, आणि दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे, असे आहे. अंमल टप्प्याटप्प्याने येतो आहे. बळीला परत घेण्याची सोय नव्हती, आपल्याला आहे.

तर आख्यानाकडे वळण्याआधी एक व्यवस्था सांगतो. मंडपाच्या उजव्या हाताला माझा नातू बसला आहे. कीर्तन संपल्यावर त्याच्याकडे फोन घेऊन जा. कोणत्या ॲपला नावे दिलीत, कोणाला माइक दिलात, तो दाखवील, आणि ‘काढून घ्या’वर बोट तुमचेच ठेवायला सांगेल. ओटीपी तो विचारणार नाही. विचारला तर मला सांगा. वाचकहो, तुमच्याजवळ तो नसेल, घरातले शाळकरी पोर बसवा. त्याने कंटाळा केला तर थोडे झारीत बसायला सांगा.

आता पेटी. आजही मागे खरा तंबोरा आहे, धोमच्या आजींचा नातू धरून बसला आहे. सूर जरा उतरला आहे रे, चढव.