सासूबाईंना कुठल्या बागेत न्यायचं? खारघरच्या बागा, टेकडी आणि सावलीचा हिशेब

(या भागात जे बोलले ते थोडं नीटनेटकं करून इथे लिहून दिलं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या निरोपातून आलाय. त्यांनी लिहिलंय, "आम्ही खारघरला नवीन आहोत. गावाहून सासूबाई आल्यात. दिवसभर चौदाव्या मजल्यावर बसून त्या कंटाळतात. इथली सगळ्यात चांगली बाग कोणती?"

प्रश्न साधा वाटतो. मीही खारघरलाच राहते, त्यामुळे पटकन एक नाव सांगून मोकळी झाले असते. पण गावाकडे ज्या बाईला अंगण होतं, ओटा होता, येणारी-जाणारी माणसं होती, ती इथे आली की तिचं ते सगळं एका लिफ्टच्या दारापाशी संपतं. खाली उतरून बसायला जागा मिळाली तर ती इथे रुजते. नाही मिळाली तर महिन्याभरात "मला गावी सोडा" सुरू होतं. घराघरात चाललंय हे. म्हणून आज नीट हिशेबाने बोलू.

आधी थोडं गावाविषयी, म्हणजे नवीन श्रोत्यांना कळेल. खारघर नवी मुंबईत धरलं जातं, पण जिल्हा रायगड आणि तालुका पनवेल. आखणी सिडकोची. सिडको १९७० ची. नकाशावर सेक्टर आखले आणि बागांचे, मैदानांचे भूखंड आधीच राखून ठेवले, हा इथला मोठा फायदा. जुन्या शहरांना आता पैसे मोजूनही अशी जागा मिळत नाही. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्या हद्दीत आलं. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. माणसं येतच आहेत, टॉवर उठतच आहेत. म्हणजे मोकळी जागा तेवढीच आणि तिच्यावर बसणारी माणसं वर्षागणिक जास्त.

आता बागा. पहिलं नाव सगळेच घेतात ते सेंट्रल पार्कचं. २०१० पासून ते लोकांसाठी खुलं आहे. शंभर एकरांहून मोठं, डोंगराच्या पायथ्याशी, आणि मेट्रोला त्याच्या नावाचंच स्थानक आहे. पाहुणे आले की दाखवायला उत्तम. मुलांना धावायला मोकळं रान. भरभर चालणाऱ्यांना तर स्वर्गच, कारण एका फेरीत भरपूर चाल होते. पावसाळ्यात समोरचा डोंगर हिरवा होतो, ढग खाली उतरतात, तेव्हा खरंच डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण मंडळी, मोठी बाग आणि सोयीची बाग या दोन गोष्टी वेगळ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फाटकातून आत शिरून बसण्याजोग्या सावलीपर्यंत पोचायलाच बरंच चालावं लागतं. परत यायचं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या जागेत हिरवळ भरपूर असते, पण हिरवळ म्हणजे सावली नव्हे. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तिथे म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. सहा-साडेसहाला जा, आठच्या आत घरी या.

उन्हाचं मी सहज म्हणत नाहीये. १६ एप्रिल २०२३ ची तारीख खारघरकरांना विसरता येणार नाही. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा इथल्या मोकळ्या मैदानावर झाला. लाखो माणसं भर उन्हात तासन् तास बसली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तो कार्यक्रम होता, बाग नव्हती, हे खरं. पण ऊन तेच आहे. एप्रिलमध्ये खाडीकडची दमट हवा असते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. तापमान फार नसतानाही माणूस कोसळतो तो म्हणून. तेव्हा "मोकळी जागा" हा शब्द ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो, डोक्यावर काय आहे?

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. सासूबाईंसाठी सगळ्यात चांगली बाग म्हणजे घरापासून दहा मिनिटांच्या आत असलेली, तुमच्या सेक्टरमधली छोटी बाग. नाव नसलेली, फोटो काढायला कोणी न येणारी. आता सेक्टरमध्ये दोन-तीन अशा बागा असतील तर त्यातली कोणती? मी चार गोष्टी बघते.

एक, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? लागत असेल तर ती बाग बाद. इथले रस्ते रुंद आहेत, गाड्या सुसाट येतात, आणि सिग्नलचे आकडे म्हाताऱ्या पायांसाठी कमी पडतात.

दोन, पाठ टेकायला जागा असलेला बाक झाडाखाली आहे का? बाक बहुतेक बागांत असतात. पण ते असतात फरसबंदीच्या कडेला, उन्हात. आणि झाड असतं तिकडे लांब. बाक आणि झाड एकत्र भेटले की समजा तुमचं काम झालं.

तीन, स्वच्छतागृह उघडं आहे का? नुसतं आहे का असं विचारू नका, उघडं आहे का ते स्वतः जाऊन बघा. आपल्या बायका बागेत जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

चार, फाटकाची वेळ. बऱ्याच बागांना दुपारी कुलूप असतं. घरातली सगळी कामं आटोपून बाई मोकळी होते दुपारी, आणि नेमकी तेव्हाच बाग बंद. वेळापत्रक बघून ठेवा, म्हणजे हेलपाटा होत नाही.

आणि एक पाचवी गोष्ट, जी पाटीवर लिहिलेली नसते. पहिला आठवडा रोज एकाच वेळी, एकाच बाकावर न्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "नवीन का? कुठल्या गावच्या?" आमच्या बाजूच्या बागेत सकाळी साताऱ्याच्या, जळगावच्या आणि केरळच्या आज्या एकत्र बसतात. भाषा अर्धी कळते, पण लोणच्याच्या बरण्या पोचतात इकडून तिकडे.

बरं, घरात फक्त सासूबाई नसतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी खारघरची टेकडी. वरपर्यंत रस्ता आहे, त्यामुळे डोंगर चढायची सवय नसली तरी हळूहळू जाता येतं. पहाटे गेलात तर खाली सगळं शहर दिसतं, आणि वर पठारावर वारा. पण एक लक्षात ठेवा. वर फणसवाडी आणि चाफेवाडी ही आदिवासी वस्ती आहे. आपली टेकडी म्हणजे कोणाचं तरी घर आहे. सकाळी सहाला स्पीकर लावून चालणं, त्यांच्या दारात गाडी लावणं, चिप्सची पाकिटं टाकून येणं, हे आपल्या दारात कोणी केलं असतं तर आपण काय केलं असतं? वाडीतली कोणी बाई काकड्या, रानभाज्या विकायला बसली असेल तर घासाघीस न करता घ्या.

आता पांडवकडा. पावसाळ्यात ज्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात तो धबधबा. उंची शंभर मीटरहून जास्त. दुरून, रस्त्यावरून बघा, पोटभर बघा. आत जाऊ नका. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि तिला कारण आहे. खाली आपल्याला भुरभुर पाऊस लागत असतो, तेव्हा वर डोंगरावर जोरात कोसळत असतो. वरचं सगळं पाणी एका चिंचोळ्या वाटेने खाली येतं. गुडघाभर ओढा बघता बघता छातीपर्यंत चढतो आणि परतीची वाट त्याच ओढ्यातून असते. तरणीताठी पोहणारी मुलं गेली आहेत तिथे. "आम्हाला पोहता येतं" याला तिथे अर्थ नाही, कारण पाण्याबरोबर दगड येतात.

तिसरी जागा बाग नाहीच, पण मला फार आवडते. खाडीकडची बाजू. तळोजा खाडीच्या काठाने कांदळवन आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून ओहोटीच्या वेळी बघा. बगळे, पाणकावळे, खंड्या, थंडीत पाहुणे पक्षी. या कांदळवनात कोल्हेसुद्धा आहेत. खोटं वाटेल, पण समोर वीस मजली इमारत आणि मागे कोल्हा, असं आपलं गाव आहे. मुलांना एकदा तरी दाखवा. चिखलात उतरायचं नाही आणि काही खायला घालायचं नाही, एवढं सांगून न्या. हे कांदळवन भरतीचं पाणी झेलतं, म्हणून तिथे राडारोडा टाकणारा डंपर दिसला तर गप्प बसू नका. उद्या ते पाणी आपल्याच पार्किंगमध्ये येणार आहे.

अख्खा दिवस हाताशी असेल तर पनवेलच्या पुढे कर्नाळा. मुंबई-गोवा महामार्गालाच लागून आहे. १९६८ पासूनचं अभयारण्य, आज सुमारे १२ चौरस किलोमीटर. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका लांबूनच ओळखू येतो. किल्ला चढायला दम लागतो, पण पक्षी बघायला वर जायची गरज नाही. खालच्या पायवाटेवर गप्प उभं राहिलं की भृंगराज ऐकू येतो, नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसतो. सासूबाईंना हिवाळ्यात नक्की न्या. गावाकडची माणसं झाडं नावानिशी ओळखतात. तिथे त्या तुम्हाला दाखवतील, तुम्ही त्यांना नाही.

आणि कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान. जरा लांब पडतं, पण सांगायचं कारण वेगळं. तिथे पूर्वी कचराभूमी होती. आज झाडी आहे. म्हणजे "आता काही होऊ शकत नाही" असं जेव्हा कोणी म्हणेल तेव्हा त्याला तिथे फिरवून आणा.

आता थोडं आपल्या वाटचं बोलते. बागेसाठी पैसा आला की काय होतं बघा. रंगीत पेव्हर ब्लॉक बसतात, कारंजं येतं, बॉटल पामची रांग लागते. उद्घाटनाच्या दिवशी दिसायला छान. वर्षभराने कारंजं बंद, पेव्हर तापलेले, आणि पामची सावली किती? झाडूच्या काठीएवढी. त्याच पैशात करंज, जांभूळ, कडुनिंब, उंबर लावले असते तर पाच-सात वर्षांत खाली माणसं बसली असती. करंज तर खाडीकडच्या खारट हवेतही तगतो. पण झाड लावणं म्हणजे जूनमध्ये फोटो काढणं नव्हे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस हवा. शेजारच्या चार सोसायट्यांनी वार वाटून घेतले तर ते जड नाही.

आणि तक्रार करायची तर मोघम करू नका. "बाग सुधारा" म्हटलं की उत्तर येतं, "प्रस्ताव विचाराधीन आहे." आधी फाटकावरच्या फलकावर बघा, बाग सिडकोची आहे की महापालिकेची. मग एका कागदावर एकच मागणी. "पूर्वेकडचा बाक उचलून करंजाखाली ठेवावा." किंवा "दुपारी बारा ते चार फाटक उघडं ठेवावं." खाली पंचवीस सह्या, त्यात दहा तरी ज्येष्ठांच्या. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. बाक हलवायला निविदा लागत नाही, त्यामुळे "निधी नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

खारघर अजून वाढतंय. राखून ठेवलेले भूखंड आहेत तोवर आपण त्यांवर बसलं पाहिजे, चाललं पाहिजे, हक्काने वापरलं पाहिजे. जिथे रोज म्हाताऱ्या बायका बसतात त्या जागेवर दुसरं काही उभं करणं कोणालाही सोपं जात नाही. सावली आणि माणसं, दोन्ही असली की बाग टिकते.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या जवळच्या बागेत दुपारी चार वाजता जा आणि सावलीत असलेले बाक मोजा. उन्हातले वेगळे मोजा. दोन्ही आकडे मला कळवा, कुठल्याही गावचे असोत, डोंबिवलीचे, वाघोलीचे, सातपूरचे. पुढच्या भागात ते वाचून दाखवते. तोवर सांभाळून राहा, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. भेटूच.