"ते काय, घरचंच आहे"

(भवानीनगर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. फॅशन डिझाइनच्या कॉलेजसाठी फाइल कशी करायची, हा काय आपल्या शिबिराचा विषय आहे? मारहाण, पोटगी, रेशन, सातबाऱ्यावर नाव, एवढं सगळं पडलेलं असताना? मलाही आधी तसंच वाटलं होतं. माझं मत कशानं बदललं, तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात जवळच्याच वाडीवरची एक मुलगी माझ्याकडे आली. बारावी झालेली. आई ब्लाउज शिवते, वडील दुसऱ्याच्या उसाला दारं धरतात. म्हणाली, "ताई, मला डिझाइनला जायचंय. मुलाखतीला पोर्टफोलिओ लागतो." तिच्या वहीत मोबाईलवर बघून काढलेले नट्यांचे गाऊन होते. सुबक होते, पण तिचे नव्हते. मी विचारलं, "तू स्वतः काय शिवलंयस?" तर म्हणाली, "ते काय, घरचंच आहे. दाखवण्यासारखं नाही."

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. बाईला विचारलं काय करता, की ती म्हणते, काही नाही, घरीच असते. इथे छत्रपती कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता मोजतात आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. बाईचं काम असतं, नाव नसतं. ही मुलगीही तेच शिकलेली होती.

पोर्टफोलिओ म्हणजे काय? आपल्या कामाची निवडक पानं. पंधरा-वीस पुरतात. बघणाऱ्याला सुंदर चित्रांपेक्षा एक गोष्ट कळायला हवी असते: ही मुलगी बघते कसं आणि विचार कसा करते? म्हणून कच्ची रेखाटनं, चुकलेला नमुना, कापडाचे तुकडे, सगळं ठेवायचं. पैसे घेऊन तयार फाइल करून देणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. 'ही कॉलर अशी का?' एवढं विचारलं तरी मुलगी गप्प बसते.

मग आम्ही ठरवलं, गाऊन बाजूला. तिला म्हटलं, थंडीत टोळ्या आल्या की फडावर जा आणि बायका काय घालतात ते बघ. त्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, हे आपण रोज बघतो. तिनं थांबून विचारलं. बायका म्हणाल्या, पाचटानं हात कापतात, बाही घामानं चिकटते, मोबाईल ठेवायला जागा नाही, बाळाला पाजायचं तर सगळा शर्ट काढावा लागतो. तिनं मांजरपाटाचा शर्ट बेतला. पहिला फसला. कोयता वर उचलला की काखेत ओढायचा. तिच्या आईनं काखेत चौकोनी तुकडा जोडायला सांगितला. दुसरा जमला. मनगटाला इलास्टिक, आत खिसा, पाजण्यासाठी पुढे झाकलेली फट. हे सगळं फाइलमध्ये गेलं, फसलेल्या शर्टाच्या फोटोसकट. शिवाय आजीची वाकळ, आणि पालखीला काटेवाडीत घालतात त्या धोतराच्या पायघड्यांची रेखाटनं. आता त्या पानांवर कुणी काहीही विचारलं तरी तिच्याकडे उत्तर होतं.

आपल्या भागातल्या बाईला हे जमेल का, असं कुणी म्हणालं तर कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं नाव सांगा. जन्म १९२९चा. लहानपणीच वडील गेले. मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, मग स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी पोशाखांची चित्रं काढू लागल्या. त्या चित्रांतूनच पुढची कामं मिळत गेली. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

आता व्यवहाराचं. प्रत्येक ठिकाणी फाइल लागते असं नाही. निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली, १९९५ पासून मुंबईचंही केंद्र आहे. तिथे डिझाइनच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा असते आणि पुढच्या टप्प्यात दिलेल्या साहित्यातून तिथल्या तिथे वस्तू करून दाखवायची असते. चिंध्यांतून बाहुली करणाऱ्या मुलीनं त्याला घाबरू नये. अर्ज साधारण थंडीत निघतात, म्हणजे गाळप जोरात असताना; तेव्हा आपण कामात असतो, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा. अनेक खाजगी कॉलेजांत मुलाखतीला फाइल मागतात. आयटीआयमध्येही फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम असतो, त्याचा खर्च कमी. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनानं ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. पण ती केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्यांना. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

थोडं आपल्याविषयीही बोलते. आपण गटांतून शिलाई मशीन वाटली. गरज होती, अजून आहे. पण मशीन दिलं आणि बाईला घराच्या त्याच कोपऱ्यात बसवलं, हेही खरं. बेत दुसऱ्याचा, टिपा तिच्या, भाव दुकानदाराचा. मुलगी म्हणते की मला बेत करायचाय, तर ती हक्काचीच गोष्ट मागते आहे. प्रत्येक गटानं गावातल्या अशा दोन मुली शोधाव्यात. त्यांच्या फाइलसाठी उजेडात फोटो काढायला, अर्ज भरायला, मुलाखतीचा सराव घ्यायला एकीनं वेळ द्यावा. खर्च फार नाही.

या मुलीचं काय झालं, तेही सांगते, कारण यशाच्याच गोष्टी सांगायची आपल्याला सवय लागली आहे. एका कॉलेजात मुलाखत झाली. प्रश्न इंग्रजीत आले, ती अडखळली. नंबर लागला नाही. पंधरा दिवसांत घरी स्थळं यायला लागली. आम्ही तिघीजणी जाऊन वडिलांशी बोललो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "एक वर्ष." म्हणजे यंदाचंच वर्ष हातात आहे. एक निवृत्त शिक्षिका तिला रोज तासभर इंग्रजी बोलायला लावतात.

तिनं फाइल पुन्हा केली आहे. परवा दाखवायला आणली. शर्टाच्या पानावर खाली लिहिलंय, 'काखेची सुधारणा: आई', आणि पुढे आईचं पूर्ण नाव. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात माझं काय, घरचंच आहे."

मुलगी म्हणाली, "म्हणूनच लिहिलंय."