मूल हवं, पण कुणाच्या होकारानं?

(सणसवाडी, ता. शिरूर येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मूल न होणाऱ्या बाईला आपल्याकडे एक शब्द आहे, वांझ. तो शब्द माहिती म्हणून नाही, शिवी म्हणून वापरला जातो. पुरुषाला मात्र कुणी वांझोटा म्हणत नाही. आजच्या विषयाची सुरुवात मला इथूनच करायची आहे.

सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव या पट्ट्यात कारखान्यांच्या कामासाठी लांबून आलेली जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहतात. मी समाजकार्यकर्ती म्हणून घरोघर जाते तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. बाईचे उपासतापास झालेले असतात, अंगारेधुपारे झालेले असतात, पोटात दुर्बीण घालून तपासणी झालेली असते. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र एकदाही झालेली नसते. खरं तर ती सगळ्यात सोपी आणि कमी खर्चाची तपासणी. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं किंवा त्याचाही वाटा असतो. म्हणून पहिली गोष्ट, तपासणी दोघांची आणि एकाच वेळी. ती न करता दुसऱ्या लग्नाची भाषा कुणी काढली तर मंडळानं तिथं उभं राहायला हवं.

आता समजा, उपचार झाले आणि मूल होणार नाही हे कळलं. पुढे दोन रस्ते सांगितले जातात, दत्तक आणि सरोगसी. कुठला चांगला, असं मला बायका विचारतात. मी त्यांना उलट विचारते, या रस्त्यावर कोणकोणत्या बायका आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीला नाही म्हणता येतं का?

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांना मूल नव्हतं. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला दिवस गेले होते आणि ती जीव द्यायला निघाली होती. तिला त्यांनी घरी आणलं. १८७४ साली तिला मुलगा झाला, तोच यशवंत. फुल्यांनी त्याला दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा केली. या गोष्टीत आपण दत्तक आईचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण आधी जन्मदात्या आईचा जीव वाचवला गेला, हे विसरू नका.

आजच्या कायद्यानंही जन्मदात्रीची थोडी दखल घेतली आहे. बाळ सोपवायचं तर बालकल्याण समितीपुढे सोपवायचं असतं आणि त्यानंतर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. दत्तक घेणाऱ्यांनी सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मग समाजकार्यकर्ती घरी येऊन अहवाल करते. जोडपं असेल तर दोघांची संमती लागते. एकटी बाईसुद्धा मूल दत्तक घेऊ शकते. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वाट पाहावी लागते, हे खरं. म्हणूनच 'अमक्या दवाखान्यात बाळ मिळतं, इतके पैसे द्या' असं सांगणारा माणूस भेटतो. हा मुलाची विक्री करण्याचा गुन्हा आहे. शिवाय ते बाळ कुणाकडून कसं आणलं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

गावाकडची जुनी रीत म्हणजे दिराचं मूल घेणं. घरातलंच, मग कागद कशाला, असं म्हणतात. पण जावेला विचारलं का? सासऱ्यांनी ठरवलं आणि तिनं मान खाली घातली, याला होकार म्हणत नाहीत. आणि उद्या भांडण झालं, मूल परत मागितलं, जमिनीत वाटा नाकारला, तर त्या लेकराचं काय? नात्यातलं दत्तकसुद्धा कायद्यानंच व्हायला हवं. हेही लक्षात ठेवा की १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या हयातीत सहसा स्वतःच्या नावानं दत्तक घेता येत नसे. हा हक्क तिला २०१० साली मिळाला, तोही नवऱ्याच्या संमतीच्या अटीवर.

आता सरोगसी. २०२१ च्या कायद्यानं पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मूल वाढवून देणं बंद झालं. वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच देता येतं. ती बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली किंवा पूर्वी झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. गरीब बाईच्या गर्भाशयाचा बाजार मांडला जाऊ नये, हा हेतू मला मान्य आहे. पण फुकट करायचं म्हटल्यावर आपल्या घरांत पाळी कुणावर येणार? धाकट्या जावेवर, नणंदेवर, माहेरी परत आलेल्या बहिणीवर. नऊ महिने, इंजेक्शनं, बहुधा सिझेरियन, आणि वर 'घरासाठी एवढंही करत नाहीस?' हा टोमणा. बाजारातलं शोषण दिसतं, घरातलं दिसत नाही. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी तिला होकार मागे घेता येतो, असं कायदा सांगतो. हे वाक्य प्रत्येक वस्तीत पोचवणं आपलं काम आहे.

माझं मत विचाराल तर, जे मूल आधीच जगात आलं आहे आणि ज्याला घर नाही, त्याच्याकडे आधी पाहावं. मात्र 'आपलं रक्त' हवं असं वाटणाऱ्या बाईला मी कमी लेखणार नाही. तिच्यावर पिढ्यान् पिढ्यांचं ओझं आहे. आणि मूल न घेता सुखानं जगणं हाही एक रस्ता आहे, तोही तिच्यासमोर ठेवला पाहिजे.

कामं साधी आहेत. मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला, ओटीला, डोहाळजेवणाला मानानं बोलवा. दत्तक मूल आलं की त्याचं बारसं मंडळात करा, पेढे वाटा आणि मूल दत्तक आहे हे त्याला लहानपणापासून सांगायला आईला बळ द्या. कारखान्यात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ साली कायद्यात आली. ती मागून घ्या. आणि कुठल्याही घरात मुलाबद्दल निर्णय होत असेल तेव्हा त्यातल्या प्रत्येक बाईला एकटीला बाजूला घ्या आणि विचारा, 'बाई, तुझं काय म्हणणं आहे?' तिचं उत्तर नाही असं आलं, तर त्या घरात तिच्या बाजूनं बोलायला आपण असलं पाहिजे.