आजीच्या पेटीतलं पत्र
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोला म्हणाले, म्हणून उभा राहिलो. विषय घरगुतीच आहे.

आमचं मूळ घर नांदूरघाटचं, तालुका केज. आमच्याकडं लग्नकार्यात मामाचा पहिला मान बार्शीकरांचा. वडीलही त्यांना मामाच म्हणायचे. पण आजीचं माहेर बार्शीचं नव्हतंच! मग हे मामा कुठले? विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "आहेत आपले."

आजीच्या पेटीत मोडीतली दोन पत्रं निघाली. आमच्या घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नाही. ओळीतल्या एका गृहस्थाकडून वाचून घेतली. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळं दोन पत्रांना चार संध्याकाळ लागल्या.

पहिलं श्रावण शके 1870चं, म्हणजे 1948चं. त्यावर तिकीट नाही, कुणाच्या तरी हाती धाडलेलं. तेव्हा आपण निजामाकडं आणि बार्शी मुंबई इलाख्यात. रझाकारांच्या धामधुमीत कितीतरी घरांनी बायकापोरं हद्दीपलीकडं नेऊन ठेवली. आजोबा ज्या अडतीवर भुसार माल घालत, तिथल्या मुनिमांनी लिहिलंय की आपली मंडळी सुखरूप पोचली, धाकट्याचा ताप उतरला, घोर करू नये. तो धाकटा म्हणजे माझे वडील.

आता मायना बघा. "राजमान्य राजश्री". हा नात्यातल्या माणसाला लिहीत नाहीत. वडील माणसाला तीर्थरूप, चुलत-मावस वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव. म्हणजे तोवर नातं काहीच नव्हतं, निव्वळ मालाचा व्यवहार.

दुसरं पत्र पुढच्या वर्षीचं, त्याच हाताचं, पण आजीला. मायना "तीर्थस्वरूप ताईस". मजकूर दोनच ओळींचा: भाऊबीजेला येतो, मुलांना दृष्ट काढून ठेवा. सप्टेंबर 1948मध्ये पोलीस ॲक्शन झाली, मंडळी घरी परतली. एवढ्या दिवसांत त्या घरात काय घडलं, ते कागदावर कुठंच नाही. आजीनंही कधी सांगितलं नाही.

जुन्या पत्रांत मायना आधी वाचा, असं माझं मत. एका पत्रात "सौ." आणि पुढच्यात "गं. भा." दिसलं की मधल्या काळात काय झालं ते कळतं. मृत्यूचं कार्ड कोपरा फाडून यायचं आणि ते घरात ठेवत नसत, म्हणून ती बातमी पेटीत सापडायची नाही.

घर बदलताना, रंग देताना असे गठ्ठे रद्दीत जातात. कृपा करून देऊ नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. मोबाईलवर फोटो काढा आणि म्हातारी माणसं आहेत तोवर कोण कुणाचं ते विचारून लिहून ठेवा. तरुणांसाठी पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात.

आमचे मोडीवाले शेजारी रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसायला तयार आहेत. कागद घेऊन या. चहा माझ्याकडं.