जुने शिवणयंत्र पारखून घेताना
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या न्यासाच्या ह्या महोत्सवात थोरामोठ्यांची भाषणे झाल्यावर माझ्यासारख्या निवृत्त शिवणशिक्षिकेने काय बोलावे, असा मला प्रश्न पडला होता. तो चिटणीसांनी सोडविला. शिवणवर्गासाठी सहा यंत्रे घ्यावयाची आहेत. नवी घ्यावी की जुनी, ह्यावर दोन बैठका झाल्या, चहाही पुष्कळ झाला, पण निर्णय झाला नाही. तेव्हा "बाई, तुम्हीच काय ते सांगा," असे ते म्हणाले. म्हणून माझे भाषण विद्वत्तेचे नसून बाजाराचे आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझे मत मी लपवून ठेवीत नाही. पैसा मोजका असेल तर जुने, काळे, बिडाचे यंत्र घ्यावे. मात्र ते हाताने चालवून आणि टीप मारून पारखल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घराने त्याची किंमत मोजलेली आहे.

१९५८ सालची गोष्ट. वडील गेले तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती आणि आम्ही दोघी बहिणी लहान. त्याच्या दोन वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, नागपूर मुंबई राज्यात गेले होते आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला होता. पण राज्ये बदलली म्हणून माणसांचे बाजार बदलत नाहीत. आमचे येणेजाणे गोंदिया-नागपूरकडेच होते. आईने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मामाला बरोबर घेऊन छोट्या गाडीने गोंदिया गाठले. तेथे एका दुकानात तिला एक यंत्र आवडले. आरशासारखा चकचकीत काळा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, सिंगरचे नाव ठसठशीत. दुकानदाराने पातळ वायलच्या तुकड्यावर झरझर टीप मारून दाखविली. परत येताना यंत्राला धक्का लागू नये म्हणून आई गाडीत त्याला हात लावून उभी होती, हे मामा पुढे कितीतरी वर्षे सांगत असे.

शाळेच्या गणवेषाचे काम मिळाले. कापड जाड होते. दोन पदरांवर टीप जेमतेम येई, शिवणीवर चार पदर आले की टाके सुटत. सुया मोडू लागल्या. अर्धे कपडे उसवून परत आले. शेवटी आईने आपल्या गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी यंत्राच्या मानेवर चाकूचे टोक फिरविले. रंग निघाला आणि खालून पांढरे काहीतरी भुरभुर पडले.

"बाई, हे लोखंड नव्हे. ही लांबी आहे."

मानेला तडा गेलेला होता. तो लांबीने बुजवून वर रंग व नवी छाप मारलेली होती. दुकानदार म्हणाला, विकले तेव्हा चालत होते. पाटल्या गेल्या त्या गेल्या. तीन वर्षे आईने पापड लाटून आणि दळणे दळून घर चालविले.

आता तडा गेल्याने टाका का सुटावा, हे मुलींनी समजून घ्यावे. यंत्राच्या टिपेला दोन दोरे लागतात. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर उचलली की त्या दोऱ्याचा लहानसा फास होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक तो फास पकडते आणि बॉबिनच्या खालच्या दोऱ्याभोवतून फिरवून आणते. दोऱ्याला दोरा अडकला की टाका झाला. ह्या भेटीत सुई आणि शटल ह्यांच्यामध्ये अंतर अगदी केसाएवढे असते. मान लवचली, दांडा हलला, की अंतर वाढते आणि भेट चुकते. पातळ कापडावर ते खपून जाते, जाडावर उघडे पडते. दुकानदाराने वायल का निवडली, ते आईला फार उशिरा कळले.

म्हणून यंत्र पाहावयास जाताना आपले कापड आपण न्यावे. मांजरपाटाचा हातभर तुकडा पुरे. आधी दोरा न ओवता चाक आपल्याकडे हळूहळू फिरवावे. कोठे अडले, कोठे खडखडले, ते हाताला कळते. मग सुईची दांडी दोन बोटांत धरून मागेपुढे हलवून पाहावी. ती डुगडुगली तर नमस्कार करून उठावे. सुई पट्टीच्या भोकात मधोमध उतरते की कडेला घासते, ते वाकून पाहावे. दोरा न घालता कागदावर टीप मारावी, भोके एका ओळीत पडली पाहिजेत. नंतर दोरा ओवून मांजरपाटाच्या दोन पदरांवर आणि लगेच चार पदरांवर टीप मारावी, व कापड उलटून दोन्ही बाजू पाहाव्यात. खालून वरच्या दोऱ्याचे फासे लोंबत असतील तर घाबरू नये. बहुधा वरचा ताण सैल असतो, तो स्क्रूने आवळता येतो. पट्टा, बॉबिन केस, दाते ही बदलण्याची वस्तू आहे. तडा, झिजलेला दांडा, शटलच्या घरातला खोल गंज ही मात्र न घेण्याची कारणे होत. बीड सहजी सांधले जात नाही.

एखादे यंत्र जाम झालेले असते आणि मालक ते भंगाराच्या भावाने देतो. ते लगेच टाकून देऊ नये. आपल्याकडे कित्येक घरांत मशीनला गोडेतेल किंवा खोबरेल घालतात. गोडेतेल वाळून डिंकासारखे चिकटते, खोबरेल आपल्या थंडीत थिजते. रॉकेलने धुऊन, मशीनचे तेल घालून, दोन दिवसांनी असे यंत्र लोण्यासारखे फिरताना मी पाहिले आहे. पण मानेवर चाकू फिरविल्याशिवाय नव्हे!

जात कोणती घ्यावी, असेही विचारतात. सिंगरची पंधरा नंबरची जात, किंवा त्याच घडणीची आपली देशी यंत्रे घ्यावीत. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० नंतरच्या दशकात 'उषा' काढले, पुढे लुधियान्यात अनेक कारखाने झाले, आणि देशी काळ्या यंत्रांची घडण बहुतेक ह्याच जातीची राहिली. त्यामुळे शटल, बॉबिन, सुई कोठेही मिळते. होडीच्या आकाराचे शटल आणि लांब बॉबिन असलेले यंत्र दिसावयास फार सुंदर, पण बॉबिन हरवली की लहान गावात शोधत बसावे लागते. त्याहून जुन्या काही यंत्रांच्या तर सुयाच दुर्मिळ झाल्या आहेत. सुई मिळत नसेल तर ते यंत्र दिवाणखान्यात ठेवावे, वर्गात नको.

वय पाहावयाचे असेल तर सिंगरच्या पाटावर उजव्या बाजूला ठोकलेला क्रमांक पाहावा. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातल्या यंत्राला 'वाय' हे अक्षर असेल तर ते १९२१ ते १९३५ च्या सुमारासचे. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, यंत्रे अजून चालत आहेत. मात्र जुने म्हणजे मौल्यवान, ह्या भ्रमात पडू नये. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी अफवा उठली की जुन्या सिंगर यंत्रांत 'लाल पारा' असतो. सुईजवळ मोबाइल धरून लोक तो तपासू लागले आणि भाव दोन लाख रियालपर्यंत चढले. पारा निघाला नाही, हे सांगावयास नकोच.

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी केले, असे त्यांचे म्हणणे. सिंगरच्या संसाराची खरी हकीकत इतकी गोड नाही, आणि त्याच्या १८५१ च्या पेटंटापूर्वी, १८४६ मध्ये, एलियस हाऊचे पेटंट झालेले होते. पण बाईचे कष्ट वाचले, एवढे खरे.

बैठकीत एक आक्षेप निघाला की, २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे, मग जुने कशाला? ती मदत ज्यांचा हा धंदा आहे त्यांच्यासाठी. आपल्या वर्गातल्या मुली अजून काजे करावयास शिकत आहेत. उद्या त्यांनी ती अवश्य घ्यावी. आणखी एक: स्वस्त, हलक्या नव्या यंत्रावर शिकलेल्या मुलीला टाका सुटला की आपलाच हात वाईट असे वाटू लागते. मी अशा मुली वर्ग सोडून जाताना पाहिल्या आहेत.

आईने १९६१ मध्ये दुसरे यंत्र घेतले. एका शिंप्याची दृष्टी अधू झाली म्हणून त्याने काढले होते. सोनेरी फुले पुसून गेलेली, कापड जाते तेथे पाट घासून पांढरा पडलेला. आईने नाव विचारले नाही. पिशवीतून मांजरपाट काढला, चार घड्या केल्या आणि पाय चालविला. त्या टिपेवर माझे शिक्षण झाले, बहिणीचे लग्न झाले. ते यंत्र मी आज वर्गाला देत आहे, तेव्हा आता पाचच घ्यावयाची राहिली.

येत्या रविवारी गोंदियाला तीन यंत्रे पाहावयास जावयाचे आहे. विश्वस्तांपैकी दोघांनी तरी बरोबर यावे, आणि वर्गातल्या मुलींनी तर यावेच. मांजरपाट मी आणीन. चाकू कोणीतरी आणावा.