सनद आणि वहिवाट : स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करताना, ज्या विषयाच्या ऊहापोहासाठी आपण येथे जमला आहात त्यात माझा अधिकार किती, हे आधीच सांगून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. ख्रिस्तसभेत अखेरचा शब्द कोणाचा, शास्त्राचा की परंपरेचा, आणि या एका प्रश्नातून कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या सिद्धान्तांत जी अंतरे पडली त्यांचे आज काय करावे, हा आपला विषय. मी धर्मशास्त्री नव्हे. येथल्या दिवाणी न्यायालयात इनामांच्या सनदा, फेरफाराचे उतारे आणि वाटणीपत्रे चाळण्यात माझी चाळीस वर्षे गेली. तरीही हा मान मी स्वीकारला, कारण ज्या वादाचा आपण विचार करणार आहात तो माझ्या घराच्या माजघरात चाललेला मी ऐकला आहे, आणि ज्या गावात तो मराठीतून चालला त्या गावाचे माझ्यावर ऋण आहे.

शासनदरबारी आता अहिल्यानगर म्हणून नोंदलेल्या आणि आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी नुसते 'नगर' असलेल्या या शहराचा पाया मलिक अहमदाने १४९० साली भिंगारजवळ घातला, तेव्हा मार्टिन ल्यूथर हा जर्मनीतला सहा-सात वर्षांचा पोर होता. चांदबिबीने मोगलांच्या वेढ्यात जो किल्ला झुंजविला, त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात राष्ट्राचे नेते बंदिवान होते आणि पंडित नेहरूंनी भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ तेथेच लिहिला. याच जिल्ह्यातील चौंडीने आपल्याला अहिल्यादेवी दिल्या. याच जिल्ह्यातील नेवाशास, प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ संस्कृताच्या कवाडातून काढून मराठीच्या अंगणात आणला. श्रीगोंद्यास शेख महंमद आणि ताहाराबादेस महिपती होऊन गेले. ज्याला वाचण्याचा अधिकार नाही असे सांगितले गेले, त्याच्या हाती ग्रंथ देणे ही या मातीची जुनी खोड आहे, आणि ल्यूथरने १५२२ साली नवा करार जर्मनांच्या बोलीत आणला हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने एकवार नेवाशास ज्ञानेश्वरांच्या खांबापाशी उभे राहून यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथे आले. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा येथलीच, जी जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि जिचा ध्यास घेऊन ते पुण्यास परतले. १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' निघाले. पुढे १९०३ साली, येथून फार दूर नसलेल्या राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून, जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' काढले. एक प्रॉटेस्टंटांचे आणि एक कॅथलिकांचे, अशी दोन दीर्घायू मराठी ख्रिस्ती नियतकालिके एकाच जिल्ह्याच्या पोटी जन्मावीत, ही गोष्ट मला किल्ल्यापेक्षाही अधिक अभिमानाची वाटते.

ही दोन्ही पत्रे माझ्या लहानपणी आमच्या एकाच ट्रंकेत असत. वडिलांचे घर मिशनचे, आजोळ केंदळाकडचे कॅथलिक. सुटीत आजोळी गेलो की संध्याकाळी कंदील लावून आजी माळेची प्रार्थना सांगे आणि मध्ये मध्ये प्रभूची प्रार्थना येई. पहिल्याच संध्याकाळी मी फसलो. आमच्या घरी त्या प्रार्थनेच्या शेवटी देवाच्या राज्याचा आणि गौरवाचा उच्चार करणारे एक वाक्य असे. आजोळी ते नसे. सगळ्यांनी आमेन म्हटले आणि मी एकटाच खड्या आवाजात पुढे म्हणत राहिलो. मामेभाऊ हसू लागले. आजीने त्यांना डोळ्यांनीच दाबले, माळेचा मणी बोटांत तसाच धरून माझे वाक्य संपू दिले, आणि मग माझ्यासाठी पुन्हा एकदा आमेन म्हटले.

पुढे अक्षरओळख झाल्यावर मला आणखी एक अंतर दिसले. वडिलांच्या पवित्र शास्त्रात पुस्तके सहासष्ट, आणि आजोळच्या धर्मगुरूंच्या शास्त्रात त्र्याहत्तर. त्या अधिक सातांपैकी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, रणात पडलेल्यांच्या पापक्षमेसाठी प्रार्थना केल्याची हकीगत आहे. दोन नोव्हेंबरला आजी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाई आणि आजोबांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करी. माझे वडील, जे आपल्या आईवर जिवापाड प्रेम करीत, तिच्या थडग्याशी नुसते डोके उघडे करून उभे राहत, देवाचे आभार मानीत, आणि तिच्यासाठी मागणे मात्र काही मागत नसत, कारण त्यांच्या शास्त्रात तशी आज्ञा नव्हती. कोणती पुस्तके प्रमाण, हा प्रश्न विद्वानांच्या सभेतला वाटतो खरा. परंतु आईच्या थडग्याशी मुलाने तोंड उघडावे की मिटावे, हे त्याच्या उत्तरावर ठरत होते.

आमच्या व्यवसायात जमिनीचा दावा उभा राहिला की दोन तऱ्हांचे पुरावे पुढे येतात, एक सनद आणि दुसरी वहिवाट. १५१७ साली विटेनबर्ग येथे पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या ल्यूथरचे म्हणणे दोनच वर्षांत, लाइपझिगच्या वादसभेत, येथवर येऊन ठेपले की पोपही चुकू शकतो आणि धर्मपरिषदाही चुकू शकते. सनदेत जे लिहिले आहे तेवढाच हक्क, बाकीचे अतिक्रमण. यावर कॅथलिक पक्षाची कैफियत लेचीपेची नाही. सनद लिहिली जाण्यापूर्वीच कब्जा होता, असे तो पक्ष म्हणतो. ज्या सभेत नव्या कराराची पत्रे लिहिली गेली, ज्या सभेने कोणते ग्रंथ प्रमाण ते ठरविले, तिची प्रेषितांपासूनची वहिवाट डावलून तिच्याच दप्तरातून मिळालेला कागद कसा वाचणार? ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही सारख्याच आदराने स्वीकारली ती या विचाराने, आणि १८७० साली व्हॅटिकनच्या परिषदेने, श्रद्धा व नीती यांविषयी पोप आपल्या पीठावरून जो अंतिम निर्णय देतो तो अस्खलनीय असतो असे ठरविले तेही याच वाटेने, कारण सनदही आली आणि वहिवाटही आली की निवाडा देणारे न्यायासनही लागतेच.

आता दोन्ही पक्षांना अवघड जाणारे प्रश्न आहेत. जेथे न्यायासनावरच आक्षेप आहे तेथे अपील कोणाकडे करावे, हा प्रॉटेस्टंटांचा सवाल. आणि न्यायासनच नसेल तर एकच सनद वाचून दोन प्रामाणिक माणसे दोन अर्थ काढतात तेव्हा काय करावे, हा कॅथलिकांचा. १५२९ साली मारबुर्गच्या गढीत ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले; दोघेही पोपला न मानणारे, दोघेही शास्त्रालाच प्रमाण मानणारे. परंतु प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर आहे की ती त्याची खूण आहे, यावर ल्यूथरने ख्रिस्ताचे शब्द खडूने मेजावर लिहून ठेवले आणि तो तेथून हलला नाही.

अखेरचा शब्द कोणाचा, हा सवाल आमच्या नगरात एका माणसाच्या आयुष्यात उतरला, आणि त्या माणसाचे स्मरण आपल्यासारख्या सभेपुढे व्हावे ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे नाव येथल्या चर्चच्या रूपाने रोज उच्चारले जाते, परंतु रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कोणास विचारले तरी ह्यूम कोण होते हे सांगणारा विरळा. ते मुंबईस १८४७ साली जन्मले, १८७४ साली नगरास आले, १८७८ साली त्यांनी येथे धर्मशिक्षणाची पाठशाला उघडली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या, 'छप्पनचा' म्हणून लोकांच्या लक्षात राहिलेल्या दुष्काळात उपाशी लेकरांना हाताशी धरले आणि सुमारे पन्नास वर्षे या गावाची सेवा केली. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हर येथे त्यांनी एक विचार जाहीरपणे उचलून धरला: ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव या जन्मी पडलेच नाही, त्यांना अंतिम न्यायापूर्वी, मृत्यूनंतरही, ते ऐकण्याची संधी देव देत असेल अशी आशा बाळगण्यास हरकत नसावी. अमेरिकेतल्या पाठशालेत हा तर्काचा विषय होता. नगरात, जेथे बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाचे वाडवडील ते नाव न ऐकताच मातीआड झाले होते, तेथे तो ज्याच्या त्याच्या आईबापांचा विषय होता.

मिशनच्या बोस्टन येथील अधिकाऱ्यांनी ह्यूमसाहेबांचे परत येणे रोखून धरले. ध्यानात घ्या, ज्या पंथात पोप नाही, बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते, त्या पंथातला हा प्रसंग. १८८७ साली अखेर त्यांना परत येऊ दिले. अधिकाराचा प्रश्न रोम सोडले म्हणून सुटत नाही, तो आपल्याबरोबर गलबतात चढून येतो, हे मला त्यांच्या चरित्राने शिकविले. आणि मृतांविषयीची जी माया माझ्या आजीला मेणबत्ती लावावयास लावी, तीच माया तिच्या शास्त्रातील सात पुस्तके न मानणाऱ्या या पाद्रीसाहेबांच्या हृदयातही होती, हेही शिकविले. दोघांचे सिद्धान्त एक नव्हते. ते एकच होते असे म्हणणे दोघांवरही अन्याय होईल.

ह्यूमसाहेबांच्या नगरच्या पाठशालेतच रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवीत, आणि त्यांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला तोही अधिकाराचाच प्रश्न होता. त्याहीपूर्वी, एलिझाबेथ राणीच्या अमदानीत ज्याला आपल्या देशात कॅथलिक म्हणून राहणे दुष्कर झाले, तो इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची गंगोत्रीच या वादाच्या डोंगरातून फुटली आहे. आणि वाद निवळू शकतात याचीही साक्ष आहे. १९७० साली नागपुरास उत्तर भारतातील निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एक झाले तेव्हा आमच्याकडच्या स्वयंशासित मंडळ्यांच्या वारसांनी बिशप स्वीकारला. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो त्याच्या कृपेने, याविषयीच्या मूलभूत सत्यांवर आपले एकमत झाल्याचे सही करून जाहीर केले. चारशे ब्याऐंशी वर्षांचा दावा एका कलमापुरता तडजोडीने निघाला. उरलेली कलमे आपल्यापुढे आहेत.

आता व्यवस्थेविषयी बोलतो, कारण गेला महिनाभर मला झोप लागलेली नाही ती धर्मतत्त्वांमुळे नव्हे. नळाला पाणी एक दिवसाआड येते. टँकर सांगून ठेवले आहेत, तरी पहाटेच्या वेळी बादलीसाठी कोणास थांबावे लागले तर त्याचा दोष माझ्या पदरी घालावा. वसतिगृहाच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने काही प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे. नगरची थंडी बोचरी असते, म्हणून रग जास्तीचे मागविले आहेत. काल रात्री वीज गेली तेव्हा उशिरा आलेल्या पाहुण्यांना अंधारात जिने चढावे लागले, याचे मला अतिशय वाईट वाटते.

ज्यांच्यामुळे ही परिषद उभी राहिली त्यांचे आभार किती मानू? भिंगारच्या मंडपवाल्यांनी भाडे निम्मे घेतले आणि चांदणी नवी लावली. कापड बाजारातील एका मारवाडी शेटजींनी, माझे नाव घेऊ नका या अटीवर, तिन्ही दिवसांच्या न्याहारीचा खर्च उचलला. माळीवाड्यातील एका मुसलमान आचाऱ्याने मजुरीचा विषयच काढू दिला नाही. राहुरी, शेवगाव, नेवासे येथील मंडळ्यांनी बाजरी पाठविली. हरेगावला मतमाउली मरियेच्या यात्रेत दरवर्षी लाखोंची सोय पाहणारे स्वयंसेवक आमच्या स्वयंपाकघराशी उभे आहेत, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून, मरियेपुढे हात न जोडणाऱ्या घरांतले तरुण पाणी भरीत आहेत. धर्मभगिनींनी आणि महिला मंडळाने मिळून निवडलेले तांदूळ आपण आज दुपारी जेवणार आहात.

एक उणीव मात्र अशी आहे की जी दूर करणे स्वागत समितीच्या अखत्यारात नव्हते. जेवणाची पंगत आपली एक आहे. प्रभूचे मेज दोन आहेत. सकाळी साडेसहाला पूर्वेच्या दालनात मिस्सा होईल, पश्चिमेच्या दालनात प्रभुभोजन होईल, आणि जे एका दालनात जातील ते दुसऱ्यात भाकर घेणार नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत हे दोन दालनांचे नकाशे छापायला देताना माझा हात जड झाला. ही भिंत मखमलीने झाकावी असे मला वाटले नाही, आणि आपणही ती झाकू नये, अशी माझी विनंती आहे. वाद पुरता मांडावा, दुसऱ्याची कैफियत आपल्या वकिलाने लिहिल्यासारखी नव्हे तर त्याच्या वकिलाने लिहिल्यासारखी मांडावी, आणि मग बोलावे.

आता आपण उभे राहून प्रभूची प्रार्थना करणार आहोत. ती कोठवर म्हणावी यावर समितीत दोन बैठका झाल्या, आणि शेवटी माझ्या आजीचा दाखला मान्य झाला. ज्यांची प्रार्थना आधी संपते त्यांनी थांबावे. ज्यांचे एक वाक्य अधिक आहे त्यांचे ते होऊ द्यावे. आणि आमेन सर्वांनी मिळून म्हणावे.