आपला आपणांस सवाल



सवाल विचारणे ही आपल्या चळवळीची जन्मापासूनची रीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती धोंडिबाने विचारावे आणि जोतीरावांनी उत्तर द्यावे अशा सवालजबाबाने. त्याच साली २४ सप्टेंबरास पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांच्या मागे, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून निघाले, तेही सवालजबाबांचेच. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात समोरच्या मंडळीस प्रश्न विचारीत. उत्तर मंडळीच्याच तोंडून यावयाचे. ज्यांस पिढ्यानपिढ्या अक्षर लिहू दिले नाही, त्यांसही विचार करता येतो, हे या रीतीने उघड झाले.

या सवालांच्या जोरावर आपल्या वाडवडिलांनी भटास विचारले, की आमच्या लग्नात तुझे काय काम? सावकारास विचारले, की हे व्याज कोणत्या हिशेबाचे? ते योग्यच झाले. पण जो सवाल बाहेर विचारावयाचा, तोच घरात येऊन आपला आपणांस विचारावयाचा असतो, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

गवंडी भिंत बांधतो तेव्हा दर थरास ओळंबा सोडतो. भिंत छपरापर्यंत गेल्यावर ओळंबा लावून काय उपयोग? कललेली दिसली तर पाडावीच लागेल. माणसाच्या वागणुकीचेही तसेच आहे. आयुष्य सरल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षा रोज संध्याकाळी एकदा ओळंबा सोडावा, हे स्वस्त पडते. त्यास ना दक्षिणा लागते, ना मुहूर्त.

मात्र सवाल कसा करावा, यातच सारी खुबी आहे. ‘मी असे का केले?’ असे विचारले, की मन लागलीच वकील होऊन उभे राहते. एखाद्याने घरात बायकोवर हात उगारला. का उगारला? ऊन होते, बैल अडला, सोसायटीचा माणूस हप्त्यासाठी येऊन गेला. ही सारी कारणे खरी असतील. पण त्यांनी त्याची सुटका झाली आणि बाईचे दुखणे तसेच राहिले. म्हणून ‘का’ थोडा वेळ बाजूस ठेवावा आणि ‘काय’ विचारावे. मी काय केले? कोणासमोर केले? पोराने पाहिले काय? उद्या बैल पुन्हा अडेल आणि हप्त्याचा माणूस पुन्हा येईल, तेव्हा मी काय करीन? या सवालांस वकिली चालत नाही. त्यांस साक्षीदारासारखे उत्तर द्यावे लागते.

असे सवाल पुष्कळ करता येतील. आम्ही चारच सांगतो.

पहिला : आज मी कोणाच्या कष्टावर जेवलो? पहाटे पाणी कोणी भरले, भाकरी कोणी थापली, आणि ती सर्वांच्या मागून काय उरले ते जेवली काय? सुताराच्या, लोहाराच्या घरी हेही विचारावे, की दिवसभर हाताखाली राबलेल्या पोरास आज हुन्नर शिकविला, की नुसता भाता ओढावयास लावला?

दुसरा : आज मी काय केवळ लोकांस भिऊन केले? ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने आपल्या घरांचे जितके नुकसान केले, तितके टोळधाडीनेही केले नसेल. मुलीच्या लग्नाची पंगत वाढविण्यासाठी कर्ज काढताना माणूस हिशेब करीत नाही; शेजाऱ्याच्या पंगतीकडे पाहतो. सही करण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावे, की जे लोक जेवून जाणार, त्यांपैकी किती जण हप्ता भरावयास येतील?

तिसरा : जी वागणूक मला कोणी दिली तर माझ्या अंगाची आग होते, ती आज मी कोणास दिली? हा सवाल सर्वांत कडू आहे. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांस हेच विचारले, की जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत काय? त्या पुस्तकाचा राग आपल्यातल्याही काहींस आला. तेव्हा १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. ब्राह्मणाने हिणविले म्हणून चिडणाऱ्या माणसाने स्वतःच्या दारी आलेल्या खालच्या म्हटलेल्या जातीच्या माणसास कोणत्या भांड्यातून पाणी दिले? जोतीरावांनी तर १८६८ सालीच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. आणि बहिणीचे काय? २००५ सालच्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. तरी साडीचोळी करून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेणारे भाऊ गावोगाव आहेत. सावकाराने आजोबांचा अंगठा कसा घेतला, हे सांगताना ज्यांचे डोळे लाल होतात, त्यांनी बहिणीची सही घेताना तिच्या डोळ्यांकडे एकदा पाहावे.

चौथा सवाल या तिन्हींच्या उलट बाजूचा आहे, आणि तो सोडला तर बाकीचे तीन घात करतील. तो असा : या दुःखात माझ्या हातचे किती आणि दुसऱ्याच्या हातचे किती? पाऊस गेला, कांद्याचा भाव पडला, विम्याची रक्कम आली नाही, यात कुणब्याचा काय दोष? पण शतकानुशतके त्यास शिकविले गेले, की तुझे हाल तुझ्या कर्माचे फळ. म्हणून भला माणूस स्वतःस तपासावयास बसला, की सारे खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडतो आणि एकटाच आढ्याकडे पाहत राहतो. आपल्या मुलखात कित्येक शेतकऱ्यांनी असाच जीव दिला आहे. बंधूंनो, स्वतःस सवाल करणे म्हणजे स्वतःस फाशीची शिक्षा सुनावणे नव्हे. वहीची दोन पाने करावी. जे आपल्या हातचे, ते एका पानावर. ते उद्यापासून आपण सुधारावे. जे बाजाराचे, सरकारचे, सावकाराचे, ते दुसऱ्या पानावर. ते चावडीवर, ग्रामसभेत, दहा जणांस बरोबर घेऊन विचारावे. पहिले पान दुसऱ्यावर ढकलणे हा लबाडपणा. दुसरे पान एकट्याने छातीवर घेऊन बसणे हा स्वतःवर अन्याय.

रीत सोपी आहे. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांनी घटकाभर एकत्र बसावे. मोबाईल बाजूस ठेवावा. चारांपैकी एकच सवाल घ्यावा. उत्तर आधी घरातल्या बाईने द्यावे, मग पोरांनी, आणि घरधन्याने सर्वांच्या शेवटी. नाहीतर त्याचेच उत्तर सर्वांचे होऊन बसते. कोणी चूक कबूल केली तर ती दुसऱ्या दिवशी भांडणात काढू नये. काढली, तर तिसऱ्या दिवशी कोणी खरे बोलणार नाही. आणि ज्याच्या तोंडी दुसरे पान फार जड झालेले दिसेल, त्यास त्या रात्री एकटे सोडू नये.

एवढे आठ दिवस करून पाहावे, अशी आमची सर्वांस विनंती आहे.